पाटा वाढवून घाट सुटत नाही

परतवाडा असो की धारणी, जुनी जीप गॅरेजसमोर उभी करून "वळणावर गाडी लय झुलते" एवढं म्हणा, औषध तयारच असतं. "एक पाटा टाकून देतो भाऊ, टाइट होऊन जाते." मागच्या पाट्यांच्या थप्पीत एक जादा पाटा चढतो, कधी दोन. यू बोल्ट आवळले जातात, गाडीचं बूड वर येतं, आणि मेळघाटातल्या घटांगच्या वळणांवर ती खरोखरच कमी झुकते. मालक खूश, मिस्त्रीही खूश. पुढच्या खेपेला तोच मालक त्याच वळणात जरा जास्त वेगाने शिरतो, कारण आता गाडी टाइट आहे.

या उपचारामागे एक समजूत आहे: जी गाडी वळणावर झुकते ती उलटते, जी ताठ राहते ती सुरक्षित. ही समजूत फक्त आमच्या गॅरेजांपुरती नाही. पुण्या-मुंबईत जुन्या अ‍ॅम्बॅसेडर आणि पद्मिनी जिवापाड जपणारी हौशी मंडळीही तीच बाळगून असतात. त्यांचा पाटा महाग असतो इतकंच. कडक स्प्रिंगा, खाली बसवलेली गाडी, रुंद टायर, परदेशी शॉकअप. आणि ज्यांना जुन्या गाड्या रस्त्यावर नकोच आहेत, त्यांचाही मुद्दा फिरून तिथेच येतो: या गाड्या डुलतात, घाटात जीव घेतील. तिघांचं निदान एकच, की मऊपणा हा रोग आहे. माझं म्हणणं असं की मऊपणा हा या गाड्यांचा गुण होता, वळणावरचा धोका दुसरीकडून येतो, आणि मागे पाटा वाढवण्याने तो धोका वाढतो.

आधी हिशेब करू, कारण या वादात हिशेब कोणी करत नाही.

घाटातलं एक आखूड वळण घ्या. गाडी ज्या वर्तुळात फिरते त्याची त्रिज्या २० मीटर धरू. ताशी ३० किलोमीटरने ते घेतलं तर गाडीला बाहेर ढकलणारा जोर तिच्या वजनाच्या सुमारे ३५ टक्के होतो. ४० ने घेतलं तर ६३ टक्के. ५० ने घेतलं तर जवळजवळ तिच्या वजनाइतकाच. वेग तीसवरून चाळीस केला तेव्हा काट्यावर दहाच वाढले, पण जोर पावणेदोन पट झाला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांत डोंगरी रस्त्यावरच्या हेअरपिन वळणासाठी धरलेला किमान वेग ताशी २० किलोमीटर आहे आणि आतल्या कडेची किमान त्रिज्या १४ मीटर. म्हणजे वळण आखणाऱ्याने गाडी किती सावकाश येईल ते गृहीत धरलेलं असतं. त्याच्या गणितात तुमच्या पाट्यांची संख्या कुठेच नसते.

आता हा जोर गाडीचं काय करतो ते बघा. आतल्या चाकांवरचं वजन तो बाहेरच्या चाकांवर नेतो. किती नेतो, हे तीन गोष्टींवर ठरतं: जोर किती, गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच, आणि डाव्या-उजव्या चाकांत अंतर किती. पाटा कडक की मऊ याचा या एकूण हिशेबात जवळजवळ काहीच हात नाही. कडक गाडीतही तेवढंच वजन बाहेरच्या चाकांवर जातं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. वऱ्हाडात कोणाला शंका असेल त्याने कापसाची बैलगाडी आठवावी. तिला पाटा नाही, स्प्रिंग नाही, तिच्याइतकं कडक वाहन दुसरं नसेल. तरी शीग लावून भरलेली गाडी शेताच्या बांधावरून उतरताना उलटते, कारण ती उंच भरलेली असते.

"जवळजवळ काहीच" म्हणालो, कारण थोडा हात आहे आणि तो लपवायचं कारण नाही. गाडी झुकते तेव्हा गुरुत्वमध्य किंचित बाहेर सरकतो आणि उलटण्याची सीमा तेवढी जवळ येते. वळणापुरता पाट्याच्या बाजूने बोलण्यासारखा हाच एक खरा मुद्दा आहे, म्हणून त्याचा आकडाही काढू. महिंद्रांनी मुंबईत बांधलेली जुनी सीजे-३बी जीप घ्या. तिच्या दोन चाकांमधलं अंतर सुमारे ४८ इंच, म्हणजे १.२३ मीटर; त्याचं अर्ध साडेएकसष्ट सेंटिमीटर. गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटर उंचीवर धरू आणि जोराच्या वळणावर ती पाच अंश झुकते असं मानू. त्या झुकण्याने गुरुत्वमध्य साडेतीन सेंटिमीटर बाहेर सरकेल. दोन जादा पाट्यांनी झुकणं तीन अंशांवर आलं, तर सरकणं दोन सेंटिमीटरवर येईल. म्हणजे कमाई दीड सेंटिमीटर.

आणि खर्च? जादा पाट्याने कमान उंचावते. दोन पाटे घातले आणि सबंध गाडी पाच सेंटिमीटर वर आली असं धरलं, तर गुरुत्वमध्य ७० वर जातो. आता दोन्ही जीप शेजारी ठेवून बघा. मऊ, झुकणारी जीप तिच्या वजनाच्या ८९ टक्के बाजूचा जोर आल्यावर उलटायला तयार होते. ताठ, उंचावलेली जीप ८५ टक्क्यांवरच. झुकणं कमी केलं आणि उलटणं सोपं केलं. आकडे माझे अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमच्या गाडीचे घाला. उंचीने जाणारं बहुधा झुकण्याने मिळणाऱ्यापेक्षा जास्तच निघेल.

यावर चतुर माणूस विचारेल की ८९ आणि ८५ मध्ये फरक तो किती, आणि चांगल्या कोरड्या डांबरावर साध्या टायरची पकड तर वजनाच्या ७०-८० टक्क्यांतच सुटते. म्हणजे दोन्ही गाड्या उलटण्याआधी घसरतीलच की. बरोबर आहे, आणि खरी गोष्ट इथेच सुरू होते. घसरलेली जीप मोकळ्या मैदानात घसरत नाही. मेळघाटातला रस्ता अरुंद. व्याघ्र प्रकल्पातून जाणारा रस्ता रुंद करणं मुळातच कठीण. डांबर संपलं की साइडपट्टी खाली गेलेली, तिच्यापुढे नाली किंवा दगडी कठडा, नाहीतर नुसती दरी. आडवी घसरत जाणारी गाडी त्या कडेला अडते आणि तिथे उलटते. तेव्हा घाटात विचारायचा प्रश्न "गाडी किती झुकते" हा नाहीच. "आधी कोणतं चाक सुटतं, पुढचं की मागचं?" हा आहे.

पाट्याचं सगळ्यात मोठं पाप या प्रश्नात आहे.

टायरवर दुप्पट वजन टाकलं म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे ज्या धुऱ्यावर डाव्या-उजव्या चाकांतला वजनाचा फरक जास्त होतो, त्या धुऱ्याची एकूण पकड कमी होते. वळणावर एकूण किती वजन बाहेर जाणार हे वेग आणि उंची ठरवतात, पण त्यातलं किती पुढच्या धुऱ्याने झेलायचं आणि किती मागच्या, हे पाट्यांचा कडकपणा ठरवतो. फक्त मागे पाटे वाढवले की मागचा धुरा आपल्या वाट्यापेक्षा जास्त झेलतो, म्हणून त्याचीच पकड आधी सुटते. गाडीचं पुढचं टोक सुटलं तर ती वळण पुरतं घेत नाही, सरळ जायला बघते. चालकाला स्टेअरिंगवरच कळतं आणि तो आपसूक पाय उचलतो. मागचं टोक सुटलं तर गाडी आडवी फिरते, आणि पाय उचलला तर आणखी फिरते, कारण वजन पुढे पळतं आणि मागची चाकं अजून हलकी होतात. पहिल्या प्रकारात चूक सुधारायला वेळ मिळतो. दुसऱ्यात तो मिळायला माणूस रॅलीत वाढलेला असावा लागतो. घटांगहून सेमाडोहकडे उतरताना, ब्रेकवर पाय असताना, रिकाम्या जीपचं मागचं टोक आधीच हलकं असतं. त्यात जादा पाटा, त्यात पहिल्या पावसाने घाटावर वाहून आलेली माती.

हे काही माझं स्वतःचं संशोधन नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने पुढचं टोक आधी सुटणारी गाडी आणि मागचं आधी सुटणारी गाडी हा भेद मांडला. गाडी बनवणाऱ्या साऱ्या जगाने तो मान्य करून बरीच वर्षं झाली. आमच्या गॅरेजांत तो अजून उतरलेला नाही.

आता कोणी म्हणेल, पुस्तकं सोडा, मऊ गाड्या उलटल्याची उदाहरणं आहेत. आहेत. त्यातली सर्वांत गाजलेली दोन नीट पाहिली तर ती माझ्याच बाजूने साक्ष देतात.

पहिलं अमेरिकेचं. शेव्हरोले कॉर्व्हेअर, इंजिन मागे असलेली गाडी. राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये लिहिलेल्या 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' या पुस्तकाने ती बदनाम झाली. तिचा दोष मऊपणा नव्हता. मागच्या चाकांचे अर्धे धुरे डिफरन्शियलच्या दोन बाजूंना बिजागरीवर खालीवर व्हायचे. जोराच्या वळणावर बाहेरचं चाक गाडीखाली दुमडायला बघायचं, गाडीचं बूड वर उचललं जायचं आणि टायर कडेवर चालायचा. कंपनी पुढच्या टायरमध्ये अवघी १५ पौंड आणि मागच्यात २६ पौंड हवा ठेवायला सांगायची, म्हणजे पुढची पकड मुद्दाम कमी राहील. पेट्रोल पंपावरचा पोऱ्या चारही चाकांत सारखी हवा भरून ती सोय मोडून टाकायचा. १९६४च्या गाडीत कंपनीने काय केलं? मागच्या स्प्रिंगा मऊ केल्या, त्यांच्या जोडीला एक आडवा पाटा असा दिला की तो भार घेईल पण झुकण्याला अडवणार नाही, आणि झुकणं रोखणारा दांडा पुढच्या बाजूला बसवला. पुढच्याच वर्षी मागची सबंध मांडणी बदलली. १९७२ मध्ये अमेरिकी सरकारच्या तपासणीचा निष्कर्ष असा आला की ही गाडी तिच्या काळातल्या तशा इतर गाड्यांपेक्षा जास्त धोकादायक नव्हती, पण तोवर ती बंद होऊन गेली होती.

दुसरं घरचं. मद्रासची स्टँडर्ड कंपनी १९६०च्या दशकात जी हेरल्ड बनवायची, ती मूळची इंग्लंडची ट्रायम्फ. तिच्याही मागे अशीच बिजागरीची मांडणी होती आणि वर एक आडवी पाट्यांची थप्पी. मद्रासकरांनी १९७२ मध्ये तिची सुधारित बहीण गॅझेल आणली तेव्हा बिजागरी काढून सरळ अखंड धुरा दिला. इंग्लंडमध्ये ट्रायम्फने तीच मांडणी ठेवली, पण १९७०च्या स्पिटफायरमध्ये एक गमतीचा बदल केला: मागच्या थप्पीतला एकच पाटा घट्ट ठेवला आणि बाकीचे मध्यावर मोकळे फिरू दिले. खड्ड्यात सगळे पाटे भार घेणार, वळणावर मात्र बहुतेक बाजूला होणार. म्हणजे मागची बाजू झुकण्यापुरती मुद्दाम मऊ केली. शिवाय पुढचा दांडा जाड केला. त्यानंतर त्या गाडीची मागून सुटण्याची खोड बरीच गेली.

दोन देश, दोन कंपन्या, आणि दिशा एकच: मागे मऊ, पुढे कडक. परतवाड्याच्या पाट्याची दिशा नेमकी उलटी.

जीप, अ‍ॅम्बॅसेडर, पद्मिनी यांना तर ती बिजागरीची व्याधी मुळात नव्हतीच. तिन्हींच्या मागे सरळ अखंड धुरा. त्याचे दोष आहेत. एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्याचाही कोन बदलतो, आणि धुरा जड असल्यामुळे खराब रस्त्यावर मागची बाजू आपटते. पण वळणावर त्याची एक मोठी मेहरबानी आहे: वरचा डबा कितीही झुकला तरी मागची चाकं रस्त्यावर जवळजवळ उभीच राहतात. बाहेर उभ्याने पाहणाऱ्याला झुकलेला डबा दिसतो आणि तो घाबरतो. रस्त्याला मात्र टायरची पूर्ण रुंदी टेकलेली असते. १९५८ पासून २०१४ पर्यंत उत्तरपाड्यात बनलेल्या अ‍ॅम्बॅसेडरला पुढे टॉर्शन बार होते, म्हणजे पीळ घेणाऱ्या लांब सळ्या, आणि रॅक-पिनियनचं स्टेअरिंग होतं. पन्नाशीच्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डचा हा वारसा. झुकत झुकत का होईना, वळण कुठे चाललंय हे ती हातांना अचूक सांगायची. या गाडीला बेढब म्हणणाऱ्यांनी एकदा शॉकअप आणि टायर नवे असलेली अ‍ॅम्बॅसेडर चिखलदऱ्याच्या रस्त्याने चालवून पाहावी.

झुकण्याचं भय बाळगणाऱ्यांना मी फ्रान्सची सित्रोएन टू-सीव्ही दाखवेन. १९४८ साली लोकांसमोर आलेली ही शेतकऱ्याची गाडी. ती आखताना अट होती की नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी अंडी फुटू नयेत. वळणावर ती इतकी झुकते की पाहणाऱ्याला वाटतं आता दार रस्त्याला घासेल. तरी ती उलटवणं भल्याभल्यांना जमत नाही, कारण इंजिन बुटकं, वजन सगळं खाली, आणि लांब प्रवास करणारं मऊ सस्पेन्शन चारही चाकं जमिनीला लावून ठेवतं. धारणी तालुक्यातल्या पाड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांची अट त्या नांगरलेल्या शेतापेक्षा फार वेगळी नाही.

"पण शर्यतीच्या गाड्या तर कडक असतात ना?" हा प्रश्न हमखास येतो, आणि शहरी हौशांकडून तर तो उत्तर असल्यासारखाच येतो. असतात. त्या जमिनीपासून चार बोटांवर असतात, त्यांची चाकं अंगाच्या मानाने फार दूर असतात, आणि त्या काचेसारख्या रस्त्यावर पळतात. खराब रस्त्यावरची शर्यत बघायची असेल तर पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली बघा. १९६३ मध्ये आणि मग १९६६, ६७, ६८ अशी सलग तीन वर्षं ती प्यूजो ४०४ ने जिंकली. लांब प्रवासाच्या मऊ स्प्रिंगा असलेली, घरातल्या चारचौघांना घेऊन जाणारी गाडी. फुटक्या रस्त्यावर कडक गाडीचं चाक खड्ड्यावरून उडतं. हवेत असलेल्या टायरची पकड शून्य असते, मग तो कितीही रुंद असो.

रुंद टायरबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यात अर्थ नाही. बाहेर काढलेल्या रिमांनी जीपच्या किंग पिनवर आणि बेअरिंगवर भार वाढतो, स्टेअरिंग जड होतं आणि खड्ड्यात हातातून ओढलं जातं. फोटो चांगले येतात.

इतकं लिहून झाल्यावर पाट्यावाल्यांची खरी बाजू मांडायला हवी, कारण ती आहे आणि ती वळणाची नाहीच. ती ओझ्याची आहे. काळी-पिवळी जीप चालवणाऱ्याला हँडलिंगवर निबंध लिहायचा नसतो, त्याला बाजाराच्या दिवशी आठ-दहाच्या जागी पंधरा-सतरा माणसं न्यायची असतात, शिवाय टपावर पोती. एवढ्या ओझ्याखाली कंपनीचे पाटे सपाट होतात आणि धुरा रबरी ठोकळ्यावर टेकतो. त्या क्षणी सस्पेन्शन संपतं. वळणाच्या मध्यावर ते झालं तर सगळा धक्का एकदम टायरवर येतो आणि मागची पकड झटकन सुटते. भरलेल्या गाडीत जादा पाटा ते टाळतो, हे मला मान्य आहे. हरिसालहून आडवळणाच्या गावात दिवसाला एखादी एसटी जात असेल तर लोक जीपच्या टपावर बसणार, आणि त्यांना टपावरून उतरा म्हणणाऱ्या माझ्यासारख्याने आधी दुसरी गाडी आणून द्यावी, हेही मान्य आहे.

पण म्हणून तो पाटा सुरक्षेसाठी घातला, असं म्हणू नका. तो ओझ्यासाठी घातला. आणि टपावरच्या ओझ्याचं गणित तर आणखी कठोर आहे. माणसं आणि पोती वर चढून गुरुत्वमध्य ८५ सेंटिमीटरवर गेला, तर तीच जीप वजनाच्या ७० टक्क्यांच्या आतच उलटायला तयार होते. म्हणजे आता ती घसरण्याची वाट बघत नाही; कोरड्या, स्वच्छ डांबरावर, कशालाही न अडखळता ती थेट उलटू शकते. तिथे कोणताही पाटा वाचवत नाही, फक्त कमी वेग वाचवतो. शिवाय ओझं उतरल्यावर तोच पाटा परतीच्या रिकाम्या खेपेत अंगावर येतो. ट्रकवाल्यांनी यावर तोडगा केव्हाच काढलेला आहे: हेल्पर पाटा. गाडी रिकामी असताना तो नुसता वर असतो, ओझ्याने मूळ पाटे दबले की मगच टेकतो आणि कामाला लागतो. ज्याला ओझं नेणं भागच आहे त्याने तो बसवावा. मूळ थप्पीत पाटे कोंबू नयेत.

मग गाडी झुलते त्याचं काय? वळणात एकदा झुकून स्थिर राहणारी गाडी निरोगी असते. लागोपाठच्या उलटसुलट वळणांत इकडून तिकडे हेलकावत राहणारी, प्रत्येक वळणाला मागच्या वळणाचा हेलकावा घेऊन शिरणारी गाडी आजारी असते, आणि तो आजार पाट्यांचा नसतो, शॉकअपचा असतो. पाट्याचं काम वजन तोलणं, शॉकअपचं काम हेलकावा मारणं. परीक्षा सोपी आहे. मडगार्डवर अंगाचा भार देऊन गाडी दाबा आणि सोडा. वर येऊन एका खेपेत बसली तर शॉकअप जिवंत आहे. दोन-तीनदा नाचली तर तो मेला आहे, त्यातून तेल गळून कधीच संपलं असेल. मेळघाटातल्या जुन्या जीपांत शॉकअप ही पहिल्यांदा काढून टाकायची आणि शेवटी बदलायची वस्तू झाली आहे. नव्या शॉकअपच्या जोडीपेक्षा जुन्या बाजारातला पाटा स्वस्त पडतो, हे त्यामागचं साधं कारण आहे. स्वस्त उपाय केला म्हणायला लाज वाटते, म्हणून त्याला टाइट म्हणतात.

दुसरा आजार टायरचा. गोटा झालेले टायर तर आलेच, पण त्याहून घातक एक सवय आहे: दोनच नवे टायर परवडले की ते पुढे बसवायचे, कारण स्टेअरिंग पुढे असतं. मग मागे झिजलेले राहतात आणि मागचं टोक आधी सुटतं, पुन्हा तेच. पुढे नवे रेडियल आणि मागे जुने साधे नायलॉन टायर ही जोडी तर कोणत्याच जुन्या गाडीला लावू नये. रेडियलची पकड चांगली, ती पुढे गेली की मागचं टोक निराधार होतं. नवे आणि चांगले टायर मागे लावा. हवा डाव्या-उजव्या चाकांत सारखी हवी, आणि ती खिळ्याने हवा काढून अंदाजाने नाही, मीटरवर मोजून.

तिसरा आजार बुश आणि शॅकलचा. ही रबरं आणि पिना झिजल्या की धुरा स्वतःच दोन-चार मिलिमीटर तिरका होतो, म्हणजे मागची चाकं आपल्या मनाने थोडं स्टेअरिंग करतात. चालकाला वाटतं गाडी झुलते आहे. प्रत्यक्षात ती मागून वळत असते. आणि गंजून एकमेकांना चिकटलेले पाटे, जे मुळात हलतच नाहीत, त्यांच्यावर आणखी एक पाटा घालणाऱ्याला काय म्हणावं? थप्पी उघडून घासून ग्रीस लावली तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

जुन्या गाड्या मोडीत काढा म्हणणाऱ्यांना मात्र माझं एवढंच सांगणं आहे की जीप बनवणाऱ्यांनी स्वतः काय केलं ते बघा. महिंद्रांनी २०२० मध्ये नवी थार आणली तेव्हा चाकांमधलं अंतर दीड मीटरच्या वर नेलं, पाटे काढून कॉइल स्प्रिंगा दिल्या, आणि झुकणं आवरायला पुढे-मागे वेगळे दांडे बसवले. रुंदी वाढवून आणि दांडे लावून त्यांनी झुकणं आवरलं. स्प्रिंग कडक करून नाही. जुन्या जीपची रुंदी आपल्याला वाढवता येत नाही, पण तिची उंची न वाढवणं आपल्या हातात आहे, आणि ती सावकाश चालवणंही. जुनी जीप तिच्या मूळ मापावर ठेवली, चारही शॉकअप जिवंत ठेवले आणि वळणावर तिशीच्या आत राहिली, तरी ती धारणीच्या घाटात आजच्या कोणत्याही गाडीपेक्षा कमी सुरक्षित नाही असं मी म्हणणार नाही. तिला सीटबेल्ट नाही, डोक्यावर धड छप्पर नाही. पण तिच्या अपघातांचं खापर तिच्या मऊपणावर फोडणं खोटं आहे.

तेव्हा परतवाड्याच्या आणि धारणीच्या मिस्त्रींना विनंती: "गाडी झुलते" म्हणत कोणी आला तर पाना उचलण्याआधी त्याला विचारा, शॉकअप कधी बदलले, मागचे टायर किती जुने, टपावर काय नेतोस आणि वळणात किती वेगाने शिरतोस. पाटा टाकू नका. आधीच टाकलेला असेल तर तो काढा, गाडी मूळ उंचीवर बसवा, आणि काढलेला पाटा मालकाच्या हाती देऊ नका. पुढच्या बाजारापर्यंत तो कुठल्यातरी दुसऱ्या जीपखाली चढलेला असेल.